आमच्या वस्तीवरचा माळवदी वाडा आणि पेव लोकांना बघायला खुलं केलं, त्याची सगळी हकीकत

डिसेंबर २०२२ मध्ये धाकट्या भावाचा फोन आला की वस्तीवर लाकडाचा व्यापारी येऊन गेलाय, वाड्याच्या तुळया आणि खांबांचे एक लाख ऐंशी हजार द्यायला तयार आहे, दगड जेसीबीने बाजूला करून देतो म्हणतोय, काय करू सांग. मी म्हटलं दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांची दोन वर्षं झाली आणि २६ जानेवारी २०२५ ला आम्ही तो वाडा, बैलांचा गोठा, मोटेची विहीर आणि अंगणातलं ज्वारीचं पेव (जमिनीत खोदलेलं धान्य साठवायचं कोठार) असं सगळं लोकांना बघायला उघडलं. या काळात मी कितीतरी लोकांना फोन करून तेच तेच प्रश्न विचारले, आणि आता मला तसेच फोन येतात, म्हणून एकदा सलग लिहून ठेवते.

आमची जमीन सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यात, काळं रान, पिढ्यान्पिढ्या ज्वारीच. हा भाग ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो आणि २०१६ मध्ये इथल्या मालदांडी ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. वाडा म्हणजे काही सरदाराचा वाडा नाही, शेतकऱ्याचाच, दगड-मातीच्या भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, त्यात मध्ये उजेडाला सवणं म्हणजे झरोका, एका बाजूला आठ बैलांचा गोठा आणि त्याच्यावर कडबा ठेवायची जागा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, २०२१ मध्ये गेले आणि तेव्हापासून वस्तीवर राहायला कोणीच नव्हतं.

पहिलं काम कागदाचं, आणि खरं सांगते, दगड-मातीपेक्षा जास्त दम त्यातच लागला. सातबारा डाऊनलोड केला, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो, तर त्यावर अजून अप्पांचं, काकांचं आणि आत्याचं नाव. म्हणजे आधी वारस नोंद. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ज केला, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार जोडले. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडून फेरफाराची नोंद धरली जाते, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कागदावर हे महिन्याभराचं काम, आमचं मे महिन्यात झालं, कारण एका कागदावर आईचं नाव लग्नानंतरचं आणि दुसऱ्यावर माहेरचं होतं आणि ते आमच्याच लक्षात आलं नव्हतं. तुम्ही वारस नोंद करणार असाल तर अर्ज करायच्या आधी सगळ्यांच्या आधार-पॅनवरची नावं एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा, आमचे पाच आठवडे त्यात गेले.

मग आत्या. आत्या इंडीला दिली आहे, कर्नाटकात, आमच्यापासून फार लांब नाही पण येणं-जाणं कमी झालं होतं. मी फोनवर सांगितलं की वाड्यासाठी तुझी सही लागेल, आणि ती गप्पच झाली. नंतर चुलतभावाकडून कळलं की तिला वाटलं हक्कसोड मागतायत. चूक माझीच, जमिनीच्या सहीचं असं फोनवर बोलायचं नसतं. जूनमध्ये मी आणि भाऊ दोघं गेलो, आईपण आली. मी संमतीपत्राचा मसुदा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून नेला होता, तिला वाचून दाखवला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कोणाचाही हिस्सा कमी होत नाही, फक्त इमारत दुरुस्त करून पर्यटनासाठी वापरायला सहहिस्सेदारांची संमती आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेवाचं काय करणार?" मी म्हटलं पेव बुजलंय ना आत्या, तोंडावर फरशी आहे. ती म्हणाली, "बुजलं नाही. झाकलंय. बाहत्तर साली झाकलं." एवढंच बोलली आणि सही करते म्हणाली. ऑगस्टमध्ये मंगळवेढ्याला येऊन तिने सही केली. तेव्हा शंभरचा स्टॅम्प पेपर चालला, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो.

मधल्या काळात मी घरातले जुने कागद चाळले. मंगळवेढा स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात होतं, कागद मोडीत, आम्हाला कोणाला वाचता येत नाही. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेले, त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त झेरॉक्सचा खर्च. १९१८ सालच्या एका वाटणीच्या कागदात विहीर, गोठा आणि "पेवे दोन" असा उल्लेख निघाला. दोन! एकच आम्हाला माहीत होतं, दुसरं कुठे आहे ते आजवर सापडलेलं नाही. तेव्हापासून मी बोर्डवर "तीनशे वर्षं जुना वाडा" वगैरे काही लिहायचं नाही हे ठरवलं, जे कागदात आहे तेवढंच लिहायचं. गावात प्रत्येकजण वेगळं साल सांगतो आणि लोकांना मोठा आकडा आवडतो हेही खरं, पण एकदा खोटं लिहिलं की बाकीच्या खऱ्यावर पण कोण विश्वास ठेवणार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती भक्कम आहे याची तपासणी, करून घेतलं, अठरा हजार फी. पहिल्या इंजिनिअरने पाच मिनिटांत सांगितलं की पाडा आणि आरसीसी करा, त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या बाई आल्या त्यांनी जुन्या दगडी बांधकामांवर काम केलेलं होतं, त्या दिवसभर थांबल्या. माळवदावर चढून त्यांनी एका कोपऱ्यात टिकावाने खड्डा घेतला तर मातीचा थर दीड फुटाच्या वर निघाला. दर उन्हाळ्यात गळतंय म्हणून वर नवी पांढरी माती टाकायची, जुनी कोणी काढायचीच नाही, असं वर्षानुवर्षं झालेलं. त्या म्हणाल्या ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात एवढी माणसं गेली त्यामागे हे एक मोठं कारण होतं, जाड दगडी भिंती मातीत बांधलेल्या, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर या मातीचं प्रचंड ओझं. मी तेव्हा शाळेत होते, ती सकाळ मला आठवते, सोलापूर जिल्ह्यात पण घरं हलली होती, सगळे अंगणात येऊन उभे होते. त्या दिवशी ठरलं की लोकांना आत घ्यायचं तर आधी हे ओझं उतरवायचं, मग बाकीचं. रंग, दिवे, फोटोची जागा हे सगळं नंतर.

दुरुस्ती जानेवारी ते मे २०२४. जुनी माती चाळून काढली, ट्रॅक्टरच्या बावीस खेपा निघाल्या. तुळया उघड्या झाल्यावर कळलं की अकरापैकी दोनच वाळवीने गेल्यात, बाकी खणखणीत, म्हणजे व्यापारी काय उगाच एवढे पैसे देत नव्हता. त्या दोन बदलल्या, पडलेल्या एका जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या. भिंतीला ठरावीक अंतरावर भोकं घेऊन काँक्रीटचे आरपार जोड घातले, हे काम धीराने करावं लागतं, एका वेळी एकच दगड काढायचा. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला चुना वापरला, सिमेंट नाही. याच्यावरून गवंड्याशी माझी रोज चर्चा, त्याचं म्हणणं सिमेंट पक्कं. पण गोठ्याच्या एका भिंतीला वीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केलेला होता, तो ठोकून काढला तर आतली माती ओली, हाताला लागत होती, मार्च महिन्यात. ओल आत अडकलेली, बाहेर पडायला वाटच नाही. ते बघितल्यावर गवंडी स्वतःच चुना मळायला बसला आणि नंतर दुसऱ्या गावातल्या कामाला पण त्याने तेच सांगितलं. चुन्याला वेळ द्यावा लागतो, भिजवून मुरवायला खड्डा आधी करून ठेवा, नाहीतर माणसं बसून राहतात आणि हजेरी चालू राहते.

वर परत कडूलिंबाचा पाला, त्यावर पांढरी माती, पण आता सहा-सात इंचच, आणि पन्हाळ्या नव्या, उतार नीट. मृगाच्या आधी लिंपून झालं. भिंती आणि माळवद मिळून चार लाख साठ हजार गेले. डाळिंबाचे आलेले आणि अप्पांच्या एफडीचे, कर्ज काढलं नाही.

आता पेवाचं. हे सविस्तर लिहिते कारण इथे चूक झाली तर जीव जातो. एप्रिलमध्ये फरशी उचलली. खाली दोन फुटांचं गोल तोंड, दगडाचं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गड्याला बोलावलं होतं, त्याने आयुष्यात पेवं भरलीत, त्याने कोणाला वाकूनसुद्धा बघू दिलं नाही. दोरीला कंदील बांधून खाली सोडला. चार-पाच हात गेला आणि ज्योत बारीक झाली, निळसर झाली, आणि गेली. वर ओढला तर काच थंडगार. आम्ही सगळे काही न बोलता बघत राहिलो. बंद पेवात राहिलेलं धान्य, काड, ओल यांच्यामुळे आतली हवा संपते आणि जड वायू तळाशी साठून राहतो, वरून काही दिसत नाही, वास येईलच असं नाही. पेवात उतरून गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच, एक उतरतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. चार दिवस तोंड उघडं ठेवलं, मग पाइप सोडून ब्लोअर लावला, परत कंदील, पाचव्या दिवशी तो तळाला जाऊन पण तेवत राहिला. तरी कमरेला दोर बांधून आणि वर चार माणसं उभी करूनच एकजण उतरला, ब्लोअर चालूच. कंदिलाने फक्त हवा आहे की नाही एवढंच कळतं, बाकीच्या विषारी वायूंचं कळत नाही, म्हणून शक्य असेल तर गॅस मीटर असलेला माणूस बोलवा, आम्ही नंतर तसं केलं.

पेव नऊ फूट खोल निघालं, पोटात सात फूट रुंद, खाली गोल, एखाद्या घागरीसारखं. साठेक पोती ज्वारी मावत असेल. त्याच दिवशी ठरवलं की पाहुणे कधीच आत उतरणार नाहीत. तोंडावर जाड गजांची जाळी, कुलूप, भोवती गुडघाभर कट्टा. पण वरून बघितलं तर काळं भोक दिसतं फक्त, बल्ब सोडून पाहिला तर डोळ्यावर येतो. शेवटी आईने सुचवलं ते जमलं, हातातला आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडायचा. तो कवडसा भिंतीवरून फिरवला की कुदळीचे घाव एकेक दिसतात, तिरके, एकाच हाताचे असल्यासारखे. आता प्रत्येक गटात एका लहान मुलाच्या हातात आरसा देतो आणि बाकीचे बघतात.

पेवं बघायला मी मधे सांगलीजवळच्या हरिपूरला पण जाऊन आले, तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध होती, २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीचशी गेली. तिथे गेल्यावर आपल्याकडचं कोरडं शाबूत पेव म्हणजे काय आहे ते जास्त कळलं.

विहिरीचं काम तुलनेने सोपं. धाव (मोटेचे बैल चालायची उतरती वाट) आणि थारोळं (मोटेचं पाणी पडायचं कुंड) शाबूत होतं, मोटेचं चाक गेलेलं. कठड्याला रेलिंग, वर जाळी, बेचाळीस हजार, यात पेवाची जाळी पण आली. कितीही कमी पैसे असले तरी विहिरीला जाळी पहिल्या दिवसापासून हवीच.

पावसाळा आम्ही मुद्दाम मधे जाऊ दिला. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा. दोन रात्री भाऊ वाड्यातच झोपला, टॉर्च घेऊन, कुठे थेंब येतो बघायला, आणि सवण्याच्या कडेला एक जागा सापडली. घाईने जूनमध्ये उघडलं असतं तर तिथेच लोक उभे असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नोंदणीच्या मागे लागलो. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, आमच्या जिल्ह्यासाठी पुण्याचं विभागीय कार्यालय. किमान एक एकर जमीन लागते. सातबारा, आधार, पॅन, लाइट बिल, जेवण देणार असाल तर अन्न परवाना, आणि अडीच हजार रुपयांचं चलन. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला एक हजार. अन्न नोंदणी ऑनलाइन केली, तेव्हा उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, वर्षाला शंभर रुपये. आमच्यासारख्या हुरड्याच्या हंगामापुरत्या कामाला तेवढं बास होतं. ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव घेतला, विहिरीचं पाणी तपासून घेतलं.

एका ठिकाणी मात्र फाइल सहा आठवडे हललीच नाही. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. तीन वेळा गेले, तीन वेळा वेगळा कागद मागितला, आणि तिसऱ्यांदा जो मागितला तो मी पहिल्याच दिवशी दिलेला होता. रस्त्यात गाडी थांबवून रडले त्या दिवशी. घरी जाऊन सगळे कागद क्रमांक घालून परत लावले, वर एक यादी, दोन प्रती, आणि दुसऱ्या दिवशी आवक नोंदवून शिक्का घेऊन आले. त्यानंतर दहा दिवसांत पुढे सरकली. आवक शिक्क्याशिवाय एकही कागद देऊ नका, ओळखीचा माणूस असला तरी.

स्थळपाहणीला साहेब आले त्यांनी सगळ्यात जास्त वेळ संडास-बाथरूम आणि विहीर बघितली. संडास आम्ही वाड्याला न चिकटवता लांब बांधले, एक लाख नव्वद हजार, सगळ्यात टोचलेला खर्च तोच, पण येणाऱ्या बायका आधी तेच विचारतात. शेतीच्या वीज कनेक्शनवर पर्यटन चालवता येत नाही, वेगळा मीटर घ्यावा लागतो, त्याचा अर्ज जितका लवकर कराल तितकं बरं. सार्वजनिक दायित्वाचा विमा, म्हणजे पाहुण्याला काही इजा झाली तर त्यासाठीचा, साडेसहा हजार. बोर्ड नऊ हजार. सगळं मिळून साडेसात लाखांच्या आत बसलं.

सव्वीस जानेवारीला रविवार होता. चाळीस लोक येतील असं धरलं होतं, नव्वदच्या वर आले, निम्मे गावातलेच. शेतात हुरडा चालू, आगटीचा धूर वाड्यापर्यंत येत होता. गावातल्या एका आजोबांनी माइक मागून घेतला आणि दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती गोष्ट सांगितली, इथे ती लहानपणापासून सगळ्यांना माहीत असते तरी लोक ऐकत होते. प्रवेशाला पन्नास रुपये ठेवलेत, गावातल्यांना नाही. पहिल्या दिवशीचा धडा म्हणजे माळवदावर कोणालाच नाही आणि आत एका वेळी पंधराच्या वर नाही, हे बोर्डवर लिहून भागत नाही, दारात माणूस उभा करावा लागतो. दुपारनंतर चुलतभाऊ उभा राहिला.

आत्या आली होती. सगळे गेल्यावर ती पेवाच्या कट्ट्यावर बसली आणि भावाला बोर्ड वाचून दाखवायला सांगितलं. मी लिहिलं होतं की तळाला काड अंथरून ज्वारी भरत आणि तोंड माती-शेणाने लिंपून बंद करत. "तळालाच नाही, कडेनं पण लावत होते काड, वरपर्यंत," ती म्हणाली. "आणि कडेची ज्वारी काळी पडायची, तिच्या भाकरीला वास यायचा, ती आम्ही खायचो. मधली चांगली बाजाराला." मग म्हणाली बाहत्तरच्या दुष्काळात हे पेव शेवटचं उघडलं तेव्हा मोठं माणूस तोंडातून जायला अवघड, म्हणून तिला दोर बांधून खाली सोडलं होतं, बारा वर्षांची होती. कंदील आधी गेला, मग ती. तळाशी जे राहिलं होतं ते तिने केरसुणीने झाडून टोपलीत भरलं, साडेतीन टोपल्या, आणि वर आल्यावर आजीने तिच्या केसातले दाणेसुद्धा झटकून घेतले. त्यानंतर भरायला काही नव्हतंच, म्हणून झाकलं.

मी तिच्या समोरच पेनाने बोर्डची वाक्यं दुरुस्त करून घेतली. तिचं नाव टाकू का विचारलं तर नको म्हणाली, साडेतीन टोपल्या तेवढं लिही. नवा बोर्ड पुढच्या आठवड्यात लागला.